वायनरीत पहिल्यांदा जाताना: थुंकायला लाजू नका

टेस्टिंग काउंटरच्या मागे उभं राहून वाईन ओतणं हे माझं काम. पहिल्यांदा आलेली माणसं मला चटकन ओळखू येतात. त्यांचं लक्ष ग्लासपेक्षा शेजारच्यांकडे जास्त असतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

काउंटरवर जे रुंद तोंडाचं भांडं दिसतं ते थुंकण्यासाठीच असतं. टेस्टिंगला पाच-सहा वाईन असतात, प्रत्येकी साधारण ३० ते ५० मिली. सगळ्या गिळल्या तर दीड-दोन ग्लास होतात आणि शेवटच्या वाईनपर्यंत जीभ बोथट होते. चांगल्या वाईन बऱ्याचदा शेवटीच येतात, आणि नेमक्या त्याच कळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. म्हणून घोट तोंडात घोळवा, भांड्याशी वाकून बारीक धारेत थुंका. ग्लासात उरलेली वाईनही तिथेच ओता. वाईन बनवणारेसुद्धा चाखताना थुंकतात, त्यात अपमान नाही. तरी थोडी वाईन पोटात जातेच, तेव्हा गाडी चालवणारा न पिणाराच असू द्या.

त्या दिवशी अत्तर, परफ्यूम काही लावू नका. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचाच असतो, आणि तुमच्या परफ्यूमने काउंटरवरच्या सगळ्यांचीच वाईन झाकली जाते. हा एकच नियम पाळायचं ठरवलंत तरी मी खूश!

ग्लास दांडीला धरा. व्हाइट वाईन साधारण ८ ते १२ अंशांवर देतात, तळहाताच्या उबेने ती लगेच तापते. आधी न हलवता हुंगा, मग ग्लास टेबलावरच टेकवून दोन-तीनदा फिरवा आणि पुन्हा हुंगा. दोन्ही वासांत फरक जाणवेल. ओतणारा ज्या क्रमाने देईल त्याच क्रमाने घ्या. हलक्या व्हाइटपासून रेडकडे आणि गोड वाईन शेवटी, हा क्रम उगाच नसतो. गोड वाईननंतर ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, वाईन नुसती आंबट लागते.

आवडली नाही तर तसं सांगा. ‘तोंड फार कोरडं पडलं’ एवढं म्हणालात तरी तुम्हाला टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा, तोंड कोरडं करणारा घटक) खुपतंय हे मला समजतं आणि पुढची वाईन मी त्या अंदाजाने निवडते. माहितीपत्रकात लिहिलेले चेरी-व्हॅनिलाचे वास आलेच पाहिजेत असं नाही. मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर हळूच सांगा. बुचामुळे बाटली बिघडलेली असू शकते, दुसरी उघडता येते.

चार-सहाजणांपेक्षा जास्त असाल तर आधी कळवून या. बंद व्हायच्या वेळेला येऊ नका.

तळघरात किंवा टाक्यांजवळ नेलं तर सोबतच्या माणसाला सोडून जाऊ नका आणि आंबवण सुरू असलेल्या टाकीवर कधीही वाकू नका. तिथे कार्बन डायऑक्साइड साचतो, तो दिसत नाही आणि जीव घेऊ शकतो. मी याबाबत कुणाचंच ऐकून घेत नाही.

विकत घेतलंच पाहिजे असं बंधन नसतं. पण टेस्टिंग फुकट असेल आणि एखादी वाईन मनापासून आवडली असेल, तर एक बाटली घेणं बरं दिसतं. दोहोंत निवड होत नसेल तर त्या दोन्हींचा पुन्हा एकेक घोट मागा, मी आनंदाने देते. आणि घेतलेली बाटली उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवून फिरायला जाऊ नका. निघेपर्यंत आमच्याकडेच राहू द्या.