पार्क जीहा ऐकायची असेल तर समेची वाट पाहू नका

मी पेटी शिकवते. कुठलंही संगीत कानावर पडलं की माझी बोटं मांडीवर मात्रा मोजू लागतात. पिरी, सेंगह्वांग आणि यांग्गम ही कोरियन वाद्यं वाजवणाऱ्या सोलच्या पार्क जीहाचा ‘कम्युनियन’ हा अल्बम ऐकतानाही मी तेच केलं आणि दोन दिवस हाती काही लागलं नाही. ही बाई आधी ज्या जोडीत वाजवायची, तिचं नाव होतं ‘सुम’, म्हणजे श्वास. तेव्हा हात बाजूला ठेवा आणि श्वासाकडे लक्ष द्या.

सुरुवात मात्र तिच्यापासून करू नका. आधी ‘सुजेचॉन’ ही कोरियाची जुनी दरबारी रचना दोनदा ऐका. पिरी, म्हणजे फुंकून वाजवायची नळी, आपलं वाक्य संपवून थांबते आणि त्या वाक्याचं शेपूट आडवी बासरी नि गजाची वाद्यं पुढे नेतात. पिरी थांबली की तुम्हीही सावकाश श्वास सोडा. चार-पाच वाक्यांत लय अंगात उतरते.

पिरी म्हणजे वीतभराहून थोडी मोठी बांबूची नळी. सनईसारखीच दुहेरी पत्ती, पण ही पत्ती चांगली जाडजूड असते. तिचे सूर सरगमीत बसवायला जाऊ नका. सूर सरळ येतो, मग डोलतो, मग विरतो. त्याच्या पोटात काय चाललंय ते ऐका.

सेंगह्वांगपाशी मात्र मी सगळ्यांना थांबवते. एका छोट्या हवापेटीत उभ्या केलेल्या बांबूच्या नळ्या, बहुधा 17, आणि आत धातूच्या पातळ जिभा. आपल्या पेटीतले पितळी सूर ज्या तत्त्वावर बोलतात, त्याच तत्त्वावर याही बोलतात. फरक भात्याचा. इथे भाता म्हणजे वाजवणाऱ्याची छाती, आणि श्वास सोडताना जसा सूर निघतो तसाच घेतानाही निघतो. घरी पेटी असेल तर सा आणि प एकत्र दाबा, हलका भाता द्या आणि हवा संपेपर्यंत हात लावू नका. सूर बारीक होत जातो, ते शेवटचे दोन-तीन क्षण नीट ऐका. मग पार्क जीहाचं सेंगह्वांग लावा. त्या क्षणांमध्ये ती किती वेळ राहू शकते हे कळलं, तेव्हा माझा स्वतःचा भाता बदलला. विद्यार्थ्यांनाही आता आधी हेच करायला लावते.

यांग्गम ओळखीचं वाटेल. संतूरच्याच कुळातलं, तारांवर काठीनं वाजवायचं वाद्य, युरोपातून चीनमार्गे कोरियात पोचलेलं.

‘कम्युनियन’मध्ये साथीला व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) आणि सॅक्सोफोन आहेत. पुढच्या ‘फिलॉस’मध्ये सगळी वाद्यं तिनं एकटीनं, थरावर थर चढवत वाजवली आहेत. तिथे एकच थर निवडा नि शेवटपर्यंत त्याचं बोट सोडू नका. दुसऱ्या दिवशी दुसरा थर. हेडफोन हवेतच, फोनच्या स्पीकरवर खालचे थर ऐकूच येत नाहीत.

2022 चा ‘द ग्लीम’ सगळ्यात शेवटी. तो प्रकाशाबद्दल आहे. मी पहाटे रियाजाआधी, दिवा न लावता लावते.