गारपिटीचे दिवस: झाकता येईल तेवढेच कापा

फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत विदर्भ-मराठवाड्यात रब्बीचे पीक खळ्यावर येते आणि आभाळही याच दिवसांत दगा देते. पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या हवामान-प्रणालीमुळे (पश्चिमी विक्षोभ) वरच्या थरात थंड हवा येते, बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून दमट वारे येतात, खाली जमीन तापलेली असते. मग ढग झपाट्याने उंच चढतात आणि गारा पडतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात अशी गारपीट दिवसामागून दिवस चालू राहिली होती.

ही वादळे बहुधा दुपारनंतर उठतात, कारण त्यांना जमिनीची उष्णता लागते. म्हणून इशारा असेल त्या दिवशी कापणी पहाटेच सुरू करा आणि दुपारी दोनपर्यंत गंजी झाकून होईल एवढेच कापा. मजूर मिळाले म्हणून चार एकर हरभरा आडवा करून ठेवणे हा सर्वांत महागात पडणारा उत्साह. गंजी उंचवट्यावर, खाली लाकडे किंवा दगड टाकून रचा. पावसाआधी वारा येतो आणि ताडपत्री त्यातच उडते, म्हणून ती नुसती दगडांनी दाबू नका, दोरीने आवळून बांधा. पाऊस उघडला की ती काढा. आत वाफ कोंडली तर दाणा काळा पडतो, कोंबही फुटतात.

उन्हाळी कांदा काढून शेतात सुकत असेल तर गोळा करून छपराखाली न्या. गारेचा मार लागलेला किंवा मानेत पाणी गेलेला कांदा साठवणुकीच्या कांदाचाळीत भरू नका, लगेच विका. असे थोडे कांदे सडले तरी शेजारचा चांगला माल खराब करतात. शिजवून वाळत घातलेली हळद भिजली तर रंग जातो, तेव्हा ताडपत्री खळ्यावरच हाताशी असू द्या.

संत्रा-मोसंबीच्या बागेत गार नुसती फळे पाडत नाही, सालही फोडते आणि त्या जखमांतून बुरशी शिरते. मोडलेल्या फांद्या धारदार करवतीने निरोगी भागापर्यंत कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा. त्यासाठी 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) 5 लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत आदल्या रात्री भिजत घाला. दुसऱ्या बादलीत 1 किलो कळीचा चुना 5 लिटर पाण्यात विरवून, थंड करून गाळा. दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओता आणि काठीने ढवळत राहा. मग स्वच्छ लोखंडी विळ्याचे पाते मिनिटभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळे तांबे शिल्लक आहे आणि ते साल जाळेल. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घाला. मलम त्याच दिवशी संपवा. पानांवर आणि फांद्यांवर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक 3 ग्रॅम प्रति लिटर फवारा. पंचनामा झाला की पडलेली फळे गोळा करून बागेबाहेर पुरा. बाग उघडीबोडकी दिसली म्हणून लगेच युरियाचा मारा करू नका, आधी साचलेले पाणी चर काढून बाहेर घाला.

पंचनामा होण्याआधी रान साफ करू नका, फोटो काढून ठेवा. फळपीक विम्यात गारपिटीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. ते घेतले असेल तर नुकसानीची माहिती 72 तासांत कळवा.

विजेचा इशारा देणारे 'दामिनी' अ‍ॅप मोबाईलमध्ये असू द्या. गडगडाट ऐकू आला की काम सोडून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका, जनावरेही झाडाला किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नका. उघड्या रानात अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय बाहेर पडू नका.