मणक्याच्या ऑपरेशननंतर कंबर पुन्हा धरली? या चुका टाळा

गादीचं, म्हणजे डिस्कचं, ऑपरेशन होतं, पायात जाणारी कळ थांबते, पेशंट चालू-फिरू लागतो. आणि दोन-चार आठवड्यांनी कंबर अशी धरते की नुसती कूस बदलतानाही जीव कळवळतो. रात्री तर डोळ्याला डोळा लागत नाही. गादीत जंतुसंसर्ग झाला की बहुधा असंच होतं. हा संसर्ग क्वचितच होतो, म्हणूनच तो पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

‘टाके छान भरलेत, ताप नाही, मग काळजी कशाची?’ ही पहिली चूक. संसर्ग खोलवर असतो. जखम कोरडी असू शकते, ताप नसतो, पांढऱ्या पेशीही नॉर्मल येतात. सीआरपी (शरीरात सूज-संसर्ग असला की वाढणारं रक्तातलं प्रथिन) तपासा. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत उतरतो. उतरलेला सीआरपी पुन्हा चढला, तर संशय घ्यायलाच हवा. ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताचीच दुसरी तपासणी) मात्र कित्येक आठवडे वाढलेला राहतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यात बदल दिसायला काही आठवडे जातात. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, चित्र ठळक करणारं औषध) देऊन एमआरआय करावा लागतो.

सर्वांत महागात पडते ती घाई: नमुना न घेताच अँटिबायोटिक सुरू करणं. मग कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, काही उगवत नाही आणि उपचार अंदाजाने चालतात. आधी रक्ताचे कल्चर, मग सीटीच्या मदतीने सुईने गादीचा नमुना. जंतू बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस निघतो, पण टीबी, बुरशी आणि क्युटिबॅक्टेरियम यांच्याही तपासण्या सांगून ठेवा. क्युटिबॅक्टेरियम हा त्वचेवर राहणारा जंतू हळू वाढतो, त्यासाठी कल्चर 10 ते 14 दिवस ठेवायला सांगावं लागतं. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक औषधं टीबीलाही तात्पुरती दाबतात, निदान आणखी लांबतं. पेशंट सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या अवस्थेत) असेल किंवा पायातली ताकद जात असेल, तर मात्र नमुन्यासाठी अँटिबायोटिक थांबवून ठेवायचं नाही.

दुखणं कमी झालं की गोळ्या सोडल्या जातात, हीही चूकच. कोर्स सहसा किमान सहा आठवड्यांचा असतो, टीबी असेल तर कित्येक महिन्यांचा.

लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. पू मज्जातंतूंवर दाब देत असू शकतो. मणक्याचं ऑपरेशन होतं अशा हॉस्पिटलमध्ये त्याच तासाला न्या.