नवे स्वयंपाकघर कमी खर्चात करताना पैसा नेमका कुठे वाचतो

नव्या स्वयंपाकघराचा बहुतांश खर्च सुतार घरात येण्याच्या बराच आधी, आराखड्याच्या कागदावरच ठरून गेलेला असतो. काम सुरू झाल्यावर हँडल स्वस्तातले घेऊ, बिजागऱ्या साध्या लावू अशी जी काटकसर केली जाते तिने फारसे काही वाचत नाही आणि वाचलेच तर पुढे दुरुस्तीत जाते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून पहिला प्रश्न असा सोडवावा, की आहे त्या स्वयंपाकघरातले काय हलवायचे नाही.

सिंक शक्यतो हलवू नये. पाणी आणणारी नळी कशीही वळवता येते, पण सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो. साधारणपणे दर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार धरला, तर सिंक दोन मीटर सरकवल्यावर पाइपच्या दोन टोकांत पाच सेंटिमीटरचा फरक ठेवावा लागतो. अशी पाइप ओट्याखालून नेली तर ती ट्रॉलींची मागची जागा खाते आणि जमिनीखालून नेली तर फरशी फोडावी लागते. मी स्वतः केवळ खिडकीखाली उजेड चांगला येतो म्हणून सिंक तिकडे नेले. त्यासाठी सहा फरश्या फुटल्या, त्या रंगाची फरशी बाजारात मिळेना आणि शेवटी सगळी जमीन नव्याने करावी लागली. भांडी घासताना खिडकीतून दिसणारे झाड सुंदर आहे, पण ते मला फारच महाग पडले.

त्यानंतर जुन्या कपाटांचे सांगाडे तपासावेत. सर्वांत खालची ट्रॉली बाहेर काढून तळाची फळी अंगठ्याने दाबून पाहावी, सिंकखालच्या कपाटाच्या कडा फुगल्या आहेत का ते पाहावे आणि बिजागरीचे स्क्रू आपल्या जागी घट्ट बसतात का ते फिरवून बघावे. सांगाडे सरळ आणि कोरडे असतील तर फक्त दारे, हँडल आणि ओट्याचा दगड बदलूनही स्वयंपाकघर नवे दिसते. आतल्या बाजूने बसणाऱ्या बहुतेक बिजागऱ्यांच्या, दारात रुतणाऱ्या गोल वाटीचे भोक ३५ मिलिमीटर व्यासाचे असते, त्यामुळे जुन्या सांगाड्यावर नवे दार बसवणे सहसा अवघड जात नाही. फुगलेला पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, मात्र पूर्ववत होत नाही, तो काढून टाकणेच शहाणपणाचे.

सगळेच नवे करायचे असेल तर आराखडा साधा ठेवावा. प्रत्येक कपाटाला दोन बाजू लागतात. म्हणजे ३० सेंटिमीटरची दोन कपाटे केली तर बाजूच्या चार फळ्या लागतात, ६० सेंटिमीटरच्या एकाच कपाटाला दोन पुरतात, आणि आत जागाही थोडी जास्त मिळते. कोपऱ्यातली फिरती किंवा बाहेर सरकणारी यंत्रणा दिसायला मोहक असली तरी तिच्या किमतीत अनेकदा एखादे साधे कपाट उभे राहते. तो कोपरा साध्या फळीचा ठेवून क्वचित लागणारी मोठी भांडी तिथे सारावीत. ट्रॉलींचेही तसेच आहे. प्रत्येक ट्रॉलीला चॅनेलची, म्हणजे ती ज्यांवर सरकते त्या पट्ट्यांची जोडी, तळ आणि दर्शनी फळी लागते, म्हणून शेगडीजवळ एक तीन ट्रॉलींचा खण करून बाकी ठिकाणी दार आणि फळ्या ठेवल्या तर रोजच्या कामात फारसे अडत नाही.

मापाचा हिशेब तर अगदी थोडक्यात बिघडतो. आठ बाय चार फुटांच्या प्लायवुडची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असते आणि करवतीची जाडी धरूनही तिच्यातून ६० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या निघतात. कपाटाची खोली हौसेने ६२ केली की त्याच रुंदीत एकच पट्टी निघते आणि उरलेला भाग किरकोळ कामापुरता राहतो. दोन सेंटिमीटरसाठी लाकडाचा खर्च किती वाढतो हे सुतार आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.

साहित्यात सगळीकडे एकच दर्जा घेण्याची गरज नसते. सिंकखालचे कपाट पाणी सहन करणाऱ्या प्लायवुडचे करावे आणि भिंतीवरची कपाटे कमी दर्जाच्या बोर्डाची केली तरी चालतात, मात्र प्रत्येक फळीच्या चारही कडांना पट्टी लावून घ्यावी, कारण ओल शिरते ती उघड्या कडेतून. बिजागऱ्या आणि चॅनेल यांवर खर्च करण्यात मी कधीच कुचराई करणार नाही, कारण रोज झिजतात ते तेच. दारांच्या चकाकीवर मात्र भरपूर वाचवता येते. साधे लॅमिनेट ओरखडे चांगले सहन करते, तर रंगाचा गुळगुळीत थर दिलेल्या दारांना जास्त पैसे मोजूनही जपावे लागते.

कोटेशन मागवताना नुसता रनिंग फुटाचा, म्हणजे लांबीच्या प्रत्येक फुटामागचा दर घेऊ नये, कारण त्या एका आकड्यात काय आहे आणि काय नाही हे कळत नाही. एकच आराखडा तिघांना द्यावा आणि प्रत्येक कपाटाची रुंदी, फळीची जाडी, साहित्य आणि चॅनेलच्या जोड्या वेगवेगळ्या लिहून मागाव्यात. हँडल, खालची पायपट्टी, टोकाच्या दर्शनी बाजू, सिंक आणि शेगडीसाठी दगड कापणे, दगडाच्या कडांचे पॉलिश, वाहतूक, माल वर चढवणे आणि जुना राडारोडा नेणे या गोष्टी दरात धरल्या आहेत का, हे लेखी विचारावे. सर्वांत स्वस्त वाटलेले कोटेशन एवढ्या प्रश्नांनंतर बरेचदा दुसऱ्या क्रमांकावर जाते.

मोजमाप कुणीही घेतले तरी आपणही घ्यावे. दोन भिंतींमधले अंतर खाली, ओट्याच्या उंचीवर आणि वर असे तीनदा मोजून त्यातले सर्वांत कमी माप धरावे. कोपरा काटकोनात आहे का हे पाहण्यासाठी एका भिंतीवर ९० आणि दुसरीवर १२० सेंटिमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर १५० आले तर कोपरा सरळ आहे. नसेल तर भिंतीलगतची फट झाकणारी भरणीची पट्टी धरूनच कपाटे मागवावीत. दगडाचे माप कपाटे पक्की बसल्यावरच द्यावे, कारण चुकीचा कापलेला दगड परत जोडता येत नाही. शेगडी, चिमणी आणि फ्रिज यांची मापेही कपाटे मागवण्याआधीच हाती असावीत.

जुनी कपाटे उतरवणे, भिंत घासून रंगवणे, सुटी आलेली कपाटे जुळवणे ही कामे सवड असेल तर घरच्यांनी करावीत. गॅस आणि वीज यांच्या जोडण्यांना मात्र जाणकार माणूसच हवा. कामाचा क्रम तोडफोड, नळ आणि वायरिंग, फरशी, कपाटे, दगड, मग भिंतीवरच्या टाइल्स असा ठेवला तर एकाने केलेले दुसऱ्याला उखडावे लागत नाही. ठरलेल्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम वेगळी ठेवावी, कारण जुन्या कपाटामागे काय निघेल हे ते हलवल्याशिवाय दिसत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक ट्रॉली भरून उघडून पाहावी, सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे आणि टॉर्च घेऊन खालच्या सांध्यांवरून कोरडा कागद फिरवावा.