माउसने वारली: साध्या पेंटमध्ये तारप्याचा फेर

मुलांनी घरच्या कॉम्प्युटरवर चित्रं काढावीत असं वाटत असेल, तर सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई करू नका. विंडोजमध्ये पेंट असतोच. १९८५च्या पहिल्या विंडोजपासून तो सोबत आहे. खरी अडचण माउसची. त्याने पेन्सिलीसारखी रेघ येत नाही आणि मुलं वैतागतात. म्हणून चित्रकलेच्या वर्गात मी पहिला धडा वारलीचा देते. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर ती सगळी उभी आहे आणि हे तिन्ही आकार पेंटमध्ये तयार मिळतात.

आधी कागद. कंट्रोल आणि ई दाबा, रुंदी १७५४ आणि उंची १२४० पिक्सेल द्या. एवढ्यात ए-फोरची आडवी प्रिंट नीट येते.

आता भिंत सारवायची. ‘एडिट कलर्स’मध्ये लाल १२०, हिरवा ५५, निळा ३५ असे आकडे घाला, झाला गेरू. हा रंग ‘कलर २’मध्ये ठेवा, ‘कलर १’मध्ये पांढरा. बादली घेऊन कागदावर उजवं बटण दाबलं की सगळा कागद गेरूचा होतो. गेरू दुसऱ्या जागी ठेवण्याचं कारण आहे: पेंटचा रबर कलर २च सोडत जातो. चुकलेली रेघ पुसली की खाली पुन्हा भिंतच दिसते, पांढरा डाग पडत नाही.

माणूस काढताना घाई नको. त्रिकोण निवडा, आउटलाइन बंद ठेवा, फिल ‘सॉलिड’ करा आणि उजवं बटण दाबून ओढा. पांढरा भरीव त्रिकोण येईल. ही कंबर. सिलेक्टच्या खाली ‘ट्रान्स्परंट सिलेक्शन’वर खूण करा, त्रिकोण निवडा आणि कंट्रोल धरून वर ओढा, म्हणजे त्याची नक्कल निघते. ती ‘फ्लिप व्हर्टिकल’ने उलटी करा आणि दोन्ही टोकं जेमतेम टेकवा. टोकं एकमेकांत घुसली की माणूस जाडजूड दिसतो, वारलीची चपळाई जाते. शिफ्ट धरून ओढलेलं वर्तुळ म्हणजे डोकं. बाईला मागे छोटा अंबाडा. हातपाय लाइन टूलने, तीन पिक्सेल जाडीचे, गुडघ्यात वाकलेले. पाय सरळ ठेवले तर तो नाचत नाही, नुसता उभा राहतो.

फेरासाठी, म्हणजे तारप्याभोवतीच्या गोल नाचासाठी, हाच माणूस पुन्हा पुन्हा वापरायचा. जुन्या पेंटमध्ये आकृती फक्त काटकोनात फिरते. मधले कल हवेत तर कंट्रोल आणि डब्ल्यू दाबून ‘स्क्यू’मध्ये आडवे १५ ते २० अंश द्या. मोकळ्या कोपऱ्यांत कलर २, म्हणजे गेरूच भरतो, त्यामुळे जोड दिसत नाही. तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा मध्ये, बाकीचे हात धरून त्याच्याभोवती.

फाइल पीएनजीतच ठेवा. जेपीजीत पांढऱ्या रेघांच्या कडेला मळकट ठिपके येतात.

वर्गात मी मुलांना हेही सांगते की ही चित्रं मुळात बायका लग्नाच्या चौकासाठी, म्हणजे लग्नात काढायच्या चौकोनी चित्रासाठी, तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढत आणि जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रं मुलांना आधी दाखवाच. माणसांची गर्दी असूनही प्रत्येक जण वेगळं काही करतोय, हे तिथेच कळतं.

घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर हे सगळं त्याला जड जाईल. त्याच्यासाठी टक्स पेंट हे लहान मुलांचं चित्रांचं सॉफ्टवेअर घ्या. २००२पासून फुकट मिळतं आणि मराठीतही चालतं. चित्र जपून ठेवताना ते नाव विचारत नाही, त्यामुळे लिहिता न येणारं मूलही एकटं वापरू शकतं. ‘मॅजिक’मधलं कॅलिडोस्कोप त्याला दाखवा, एका रेघेतून रांगोळी उमटते. डिजिटल पेन घेतलं असेल तर मात्र पेंट सोडून थेट क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरकडे जा. तेही फुकटच आहे आणि हाताच्या दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते.