परदेशी भाषावर्गाला निघण्याआधी

आधी पासपोर्ट उघडून तारखा बघा. शेंगेन देशांच्या (आपसात सीमेवर तपासणी न करणाऱ्या, बहुतांश युरोपीय देशांच्या गटाच्या) अल्पमुदतीच्या व्हिसासाठी तो गेल्या १० वर्षांत काढलेला आणि परतीनंतर किमान ३ महिने वैध असावा लागतो. या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ‘तिथे गेल्यावर मुदत वाढवून घेऊ’ हा बेत सहसा फसतो, म्हणून लांबच्या कोर्ससाठी सुरुवातीलाच दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज करा.

खरी तयारी कानाची. व्याकरण वर्गात शिकवतातच, पण पहिल्याच दिवशी खोली क्रमांक, वेळ, फोन नंबर भराभर कानावर पडतात. जर्मनमध्ये २१ म्हणजे ‘एक आणि वीस’. ऐकता ऐकता लिहिलं की १२ होतं. फ्रेंचमध्ये ९७ म्हणजे ‘चार-वीस-सतरा’. रोज १० मिनिटं आकडे ऐकून लिहा, महिनाभर. आणि आपलं आडनाव त्या भाषेतल्या अक्षरांच्या नावांनी सांगायला शिका. फ्रेंचमध्ये ‘जी’ला ‘जे’ आणि ‘जे’ला ‘जी’ म्हणतात. इथेच नोंदणीत नाव चुकतं.

पातळी ठरवणारी चाचणी देताना शब्दकोश किंवा मित्राची मदत अजिबात घेऊ नका. युरोपीय मोजपट्टीत ए१ ते सी२ अशा चढत्या पातळ्या असतात; ए२चा विद्यार्थी त्यावरच्या बी१च्या वर्गात बसला की पहिले कित्येक दिवस नुसते गोंधळात जातात. एक पायरी खालचा वर्ग मिळाला तर बिनधास्त घ्या, तोंड लवकर उघडतं.

औषधं मूळ वेष्टनातच ठेवा. सोबतच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या घटकाचं नाव हवं, कारण ब्रँड देशागणिक बदलतात.