आजी-आजोबांचा मोबाईल क्लास घ्यायचाय? आधी ही तयारी करा

ज्येष्ठ नागरिक संघात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास घ्यायचं ठरवलं असेल तर शिकवण्याआधी एक अख्खा दिवस फक्त फोन तपासायला ठेवा, कारण माझं स्पष्ट मत आहे की "आता या वयात नाही बुवा जमत" यातलं निम्मं फोनच्या सेटिंगमुळे असतं, वयामुळे नाही. बरेच फोन मुलाने वापरून दिलेले, आत गूगल अकाउंट त्याचंच, म्हणजे पासवर्ड अडला की कोड जाणार न्यू जर्सीला आणि तिथे रात्रीचे दोन वाजलेले. म्हणून त्यांच्या स्वतःच्या नंबरवर अकाउंट काढून घ्या, पासवर्ड घरातल्या वहीत लिहायला सांगा (हो, वहीतच, नावं ठेवणाऱ्यांनी एकदा रिकव्हरी करून दाखवावी), फक्त यूपीआयचा आणि एटीएमचा पिन त्या वहीत नको.

मग सेटिंग. अक्षरं मोठी करा, स्क्रीन ३० सेकंदांत बंद होत असेल तर दोन मिनिटांवर न्या नाहीतर चष्मा सापडेपर्यंत फोन काळा, आणि ते जेश्चर प्रकरण (कडेवरून बोट सरकवून मागे जायचं ते) बंद करून खाली तीन बटणं आणा. यांचं बोट स्क्रीनवर जरा जास्तच वेळ दाबलं जातं, मग ॲप उघडायच्या ऐवजी आयकॉन हलायला लागतात आणि काकू घाबरतात, त्यासाठी ॲक्सेसिबिलिटीमध्ये टच अँड होल्डची वेळ वाढवता येते, ते फार कुणी करतच नाही. बोटं कोरडी असली की स्क्रीन टच घेत नाही, म्हणून टेबलावर ओलसर नॅपकिन ठेवा, हसू नका, फरक पडतो. मेमरी गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेली असणारच, व्हॉट्सॲपचं ऑटो डाऊनलोड बंद करा, पण विचारल्याशिवाय काही डिलीट करू नका, त्यातच नातवाच्या बारशाचे फोटो असतात. फोन मराठीत करायचा का तेही विचारा, ज्यांना इंग्रजी मेन्यूच्या जागा पाठ आहेत ते मराठीत उलट हरवतात.

हॉलचं काय, एक्स्टेंशन बोर्ड, दोन्ही प्रकारचे चार्जर, वायफाय नसेल तर कुणाचा तरी हॉटस्पॉट, पंख्याचा आवाज कमी. जवळचा चष्मा आणायचा निरोप आदल्या दिवशी फोन करून द्या, ग्रुपवर टाकून काय उपयोग, ग्रुप बघता येत नाही म्हणून तर क्लास!

मदतीला कॉलेजची पोरं येणार असतील तर त्यांना एकच नियम, हात पाठीमागे. फोन काकांच्या हातातून घ्यायचा नाही, "द्या इकडे, मी करतो" म्हणत दहा सेकंदांत करून दिलं की काका थँक्यू म्हणतात आणि शिकत काहीच नाहीत, घरी मुलं पण हेच करतात. तोंडाने सांगा, बोट त्यांचंच फिरू दे, वेळ लागला तर लागू दे.

यूपीआय शिकवायचं असेल तर आधी रिचार्ज बघा, त्यात एसएमएस नसेल तर रजिस्ट्रेशनच अडतं, आणि सिम बँकेत दिलेल्या नंबरचंच हवं. एकमेकांना १ रुपया पाठवायला लावा आणि पैसे घेताना पिन कधीच लागत नाही हे प्रत्येकाकडून म्हणवून घ्या. पेन्शनरांसाठी हयातीच्या दाखल्याचा क्लास ऑक्टोबरात धरा, नोव्हेंबरात बँकेत रांगा लागतात, आता जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, सोबत आधारचं फेसआरडी ॲप लागतं, पीपीओ (पेन्शन ऑर्डरचा) नंबर, आधार नंबर आणि मोबाईल जवळ हवा, आणि उजेड तोंडावर यायला पाहिजे, खिडकी पाठीमागे नको.

एक तास फसवणुकीचा ठेवाच. 'डिजिटल अरेस्ट' (पोलीस असल्याचं सांगून फोनवरच 'अटक' करून पैसे उकळतात ते) असं कायद्यात काही नाही आणि लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाईल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) उघडायची नाही, हे सांगून पटकन होतं, खरी अडचण वेगळीच असते, या पिढीला समोरचा बोलत असताना फोन ठेवणं उद्धटपणा वाटतो. म्हणून एका पोराला बाहेर उभं करून पोलीस बनवा, फोन करायला लावा आणि काकूंनी मध्येच कट करायचा, दोनतीनदा तरी. आणि १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर त्यांच्याच हाताने सेव्ह करून घ्या, नाव 'सायबर' वगैरे नको, 'पैसे गेले' असं टाका, म्हणजे गडबडीत सापडतो.